लांबून ठेवलेला हात

१

सकाळची शाळा सुटली की सुषमा शिरूरच्या स्टँडवरून न्हावऱ्याकडं जाणारी एसटी पकडायची, फाट्यावर उतरायची आणि उसाच्या कडेकडेने बांधावरून चालत घरी यायची. चप्पल काढायच्या आधी गोठ्यात डोकावायचं, ही तिची जुनी सवय. तिचे सासरे, मल्हारीआबा, तिथं मैनेपुढं वैरण टाकत असायचे आणि वर न बघताच म्हणायचे, "आलीस का? भाकरी झाकून ठेवलीय."

त्या दिवशी आबा काहीच बोलले नाहीत. गोठ्याच्या कोपऱ्यात घमेलं पालथं घालून त्यावर ते बसले होते आणि समोर मैना बसली होती.

मैना म्हणजे त्यांची काळी-पांढरी संकरित गाय. नुकतीच व्याली होती. कालवड झाली, सगळं सुखरूप पार पडलं, आणि मग पाय दुमडून खाली बसली ती उठेचना. महेंद्र डॉक्टर येऊन शिरेतून कॅल्शियम देऊन गेले. मान सरळ झाली, कान हलायला लागले, पण मागचे पाय जणू तिचे नव्हतेच.

"माझ्या औषधाचं काम झालंय," डॉक्टर गाडीला किक मारता मारता म्हणाले होते. "आता खाली मऊ अंथरा, सारखी कूस बदला, पाय चोळा. पाणी तोंडापाशी न्या. पुष्कळ उठतात. पण फार दिवस बसून राहिली तर मात्र अवघड."

आबांनी यातलं काहीच केलं नाही. आयुष्यभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस, जनावर मरतं हे त्यांना नवं नव्हतं. एकदा बसलेलं जनावर उठत नाही, असं त्यांनी मनात घेतलं होतं. आणि तेव्हापासून ते जेवत नव्हते. मधुमेहाची गोळी तेवढी सवयीने गिळायचे, वर घोटभर चहा. आदल्या दिवशी चक्कर येऊन गव्हाणीवर आदळले होते.

"मेंढरं इकली तवा डोळ्यातनं टिपूस न्हाई," सासूबाई, रतनबाई, चुलीपाशी धुसफुसत होत्या. "आन् आता गाईसंगं उपास धरलाय म्हाताऱ्यानं. आधी कोण जातंय त्येच बघायचं."

सुषमाने ताट नेऊन आबांच्या पुढ्यात ठेवलं. आबांनी ते बाजूला सारलं आणि हळूच म्हणाले, "कासुर्डीचा हौसराव सांगत व्हता. लांबूनच जनावर बरं करत्यात म्हणं. आपून हितं, ते तिकडं. नुसता फोन लावायचा. तुझ्या त्या मोबाइलमदी असं कुणी घावतंय का बघ."

२

असे लोक सुषमाला घावले, ढिगाने घावले. कुत्र्यामांजरांना फोटोवरून ऊर्जा पाठवणारे, घोड्यांशी मनातल्या मनात बोलणारे. ती शाळेत विज्ञान शिकवायची. औषध म्हणून साखरेची गोळी दिली तरी माणसाला बरं वाटतं, हा धडा तिने पोरांना किती वेळा समजावला होता. एकदा एका पोरीने विचारलं होतं, "बाई, पण जनावराला तर औषध दिलंय हेच कळत नाही. मग त्याला कसं बरं वाटतं?" तेव्हा ती म्हणाली होती की जनावराला नाही, मालकाला बरं वाटतं. मालक मग जनावराकडं नीट बघायला लागतो.

ते उत्तर आठवलं आणि तिने दौंडला बहिणीला फोन लावला.

शितल तिची धाकटी बहीण. नवरा मालगाडीवर गार्ड, त्यामुळं घर रेल्वे कॉलनीत. नवरा ड्यूटीवर गेला की दोन-दोन दिवस ती एकटी असायची. बदली होऊन नुकतीच तिथं आलेली, शेजारीपाजारी अजून ओळख नव्हती.

"मी? गाय बरी करायची?" शितल हसायला लागली.

"गाय नाही, आबा बरे करायचेत. रोज दुपारी त्यांना फोन करायचा. आवाज जरा जड काढ. म्हणायचं, मैनेला दुसऱ्या कुशीवर घ्या, खाली पाचट अंथरा, कोमट पाण्यानं पाय चोळा, पाणी पाजा. मग फोन चालू ठेवायचा आणि सांगायचं, आता मी इथनं हात ठेवते, तुम्ही गप बसा. झालं की म्हणायचं, आता तुम्ही जेवा. तुम्ही उपाशी असलात तर माझा हात पोचत नाही."

"आक्का, तू भारी लबाड आहेस."

"डॉक्टरनं सांगितलेलंच सगळं आहे. फक्त डॉक्टरचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

दौंडच्या एक ताई फोनवरून हात ठेवतात, असं सुषमाने आबांना सांगितलं. आणि आबांनी ऐकलं. त्या दुपारी फोन खुंटीला टांगून, घरातल्यांना हाताशी घेऊन त्यांनी मैनेची कूस बदलली. तिच्या मांड्या चोळता चोळता त्यांच्या कपाळावर घाम आला. फोनमधून 'दौंडच्या ताईं'चा जाडाभरडा आवाज यायचा, मग नुसतीच शांतता. शेवटी "जेवा आबा" असं ऐकू आल्यावर ते मुकाट्याने उठले, हात धुतले आणि भाकरी कुस्करली.

रतनबाईंनी सुनेकडं बघितलं. सुषमा रिकामं ताट उचलायला वाकली. मनातून मात्र खूश झाली होती. साखरेची गोळी लागू पडली होती.

३

तीन-चार दिवसांनी शितलचा फोन आला. सुषमा वह्या तपासत होती.

"आक्का, एक विचारू? हसू नको."

"विचार."

"तो फोन चालू असतो ना, तेव्हा मी काहीच करत नव्हते पहिल्यांदा. भाजी निवडत बसायचे. पण म्हातारा माणूस तिकडं एवढ्या भरवशानं बसलाय, म्हणून बरं वाटेना. म्हणून परवापासून उभी राहते आणि खरंच हात पुढं धरते. गाय समोर आहे असं समजून."

"मग?"

"मग बादलीतलं पाणी कमी होतं."

सुषमाला आधी कळलंच नाही. शितलने नीट सांगितलं. नळाला सकाळीच पाणी येतं, म्हणून ती मागच्या दारापाशी एक बादली काठोकाठ भरून ठेवते. दुपारी फोन संपल्यावर बघते तर बादली अर्ध्यावर. पहिल्या दिवशी वाटलं, आपणच वापरलं असेल. दुसऱ्या दिवशी नीट लक्ष ठेवलं.

"बादली गळत असेल."

"खालची फरशी कोरडी असते."

"मांजर येत असेल."

"अर्धी बादली पिणारं मांजर?" शितल म्हणाली. "आणि हाताला वास येतो. गोठ्याचा. साबणाने धुतला तरी जात नाही."

सुषमाने तिला समजावलं. लहानपणी आपल्या घरी गुरं होती, तो वास डोक्यात बसलेला असतो. तू हात धरून गाईचा विचार करतेस, म्हणून वास आठवतो. ऊन तापलंय, पाणी उडून जातं. घरात एकटं असलं की माणूस नको तिथं लक्ष देतो.

सगळं पटण्यासारखं होतं. फोन ठेवल्यावर सुषमाने लाल पेन उचलला आणि बराच वेळ तो नुसताच हातात धरून बसली. अर्धी बादली पाणी एका दुपारीत उडून जायला किती उष्णता लागेल, हे तिला ठाऊक होतं.

४

इकडं मैना सुधारत होती. चारा ओढून खायला लागली. मागचा एक पाय मध्येच ताठ करायची, खूर जमिनीत रोवायची आणि पुन्हा सैल सोडायची. डॉक्टर येऊन बघून गेले. "कूस बदलल्याचा फायदा झालाय. रक्त खेळतंय," असं म्हणाले. आबांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती. वेळच्या वेळी जेवत होते.

सुषमाने ठरवलं, एकदा फोनच्या वेळी आपण स्वतः गोठ्यात बसायचं.

दुपारची वेळ. पत्र्यावर ऊन वाजत होतं. कालवड सावलीला झोपली होती. खुंटीला टांगलेल्या फोनमधून शितलचा आवाज आला, "आता हात ठेवते," आणि मग ती गप्प झाली. आबा डोळे मिटून बसले. मैना मान लांब करून, हनुवटी पाचटावर टेकवून पडली होती.

आधी दुरून गाडीची शिट्टी ऐकू आली. दौंडचं जंक्शन, तिथं गाड्यांना काय तोटा. मग पंख्याची घरघर. आणि मग त्या घरघरीखालून एक आवाज यायला लागला, सावकाश, एका लयीत. सुषमाने गोठ्याशेजारी निम्मं आयुष्य काढलं होतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या दाढांचा आवाज तिला कुणी सांगायला नको होता.

तिने मैनेकडं बघितलं. मैनेचं तोंड मिटलेलं होतं. जबडा हलत नव्हता.

आवाज फोनमधून येत होता. दाढा फिरत होत्या, मध्येच थांबत होत्या. मग नाकपुड्यांतून सोडलेला लांब, ओला श्वास ऐकू आला, इतका जवळून की फोनची कडा थरथरली असं सुषमाला वाटलं.

आबांनी डोळे उघडले होते. ते फोनकडं बघत होते. घाबरलेले दिसत नव्हते. कान देऊन ऐकत होते, कळपातलं कुठलं मेंढरू खोकतंय हे ओळखायला ऐकावं तसं.

"जेवा आबा," शितलचा आवाज आला. जाडाभरडा नव्हता. अगदी बारीक होता.

संध्याकाळी सुषमाने तिला फोन केला. शितल म्हणाली, "टीव्ही बंद होता आक्का. घरात मी एकटीच होते."

"मग आता बंद करू हे."

"मैना उठायला आलीय ना? आत्ता बंद केलं तर आबांना काय सांगशील?"

सुषमाने दारातून गोठ्यात बघितलं; आबा मैनेच्या मांड्या चोळत होते.

"तू ये इकडं," शितल म्हणाली. "एकदा माझ्याबरोबर उभी राहा. मला वेड लागलंय असं वाटलं तर तोंडावर सांग."

५

रविवारी सुषमा दौंडला गेली.

शितलचं क्वार्टर तळमजल्यावर, जुन्या बांधणीचं, उंच छताचं होतं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत पलंग, कपाट, दुपारी ओढून घेतलेले पडदे. मागच्या खोलीत ओटा, आणि बाहेर अंगणात उघडणारं दार. दारापाशी निळी बादली, काठोकाठ भरलेली. सुषमाने ती उचलून खालून बघितली, कोरड्या फरशीवरून हात फिरवला, पुन्हा जागेवर ठेवली. कुठंही थेंब नव्हता. दाराची कडी आतून लावली. खिडकी बंद केली. वर्गात प्रयोग मांडायची तशी ती एकेक गोष्ट तपासत होती.

शितल बारीक झाली होती. पण डोळे थकलेले नव्हते. सुषमाला तेच खटकलं. भेदरलेल्या माणसाचे डोळे असे नसतात.

फोन लागला. तिकडून आबा म्हणाले, "व्हय ताई, कूस बदललीय. पाणी पाजलंय. आज लई धडपड चाललीय तिची."

"आता हात ठेवते," शितल म्हणाली. फोन ओट्यावर ठेवून ती बादलीशेजारी उभी राहिली आणि उजवा हात पुढं धरला.

काहीच झालं नाही. यार्डात शंटिंग चाललं होतं, डब्यांना डबे लागल्याचा आवाज आला. सुषमाला हायसं वाटायला लागलं. ती भिंतीला टेकली.

मग खोली भरली. सुषमाला पुढं कधीही याहून नीट सांगता आलं नाही. आधी दोघींपुरती मोठी असलेली खोली एकाएकी अपुरी वाटायला लागली, दारातून कुणी आडवं आल्यावर वाटावी तशी. हवा कोंदट झाली, उबदार झाली. गोठ्याचा वास आला. डोक्यातला नव्हे, नाकातला.

शितलचा हात हलायला लागला. तळवा सपाट झाला, कशावर तरी टेकल्यासारखा. तो मानेवरून फिरवावा तसा सावकाश सरकला, एका उंचवट्यावरून वर चढला, पलीकडं उतरला आणि पाठीवरून मागं गेला. हवेत असा हात फिरवता येत नाही. बोटांखाली काहीतरी दबत होतं. आणि जे काही होतं ते थरथरत होतं, कारण शितलचा हात कोपरापर्यंत थरथरत होता.

"उभं राहायला त्रास होतो," शितल पुटपुटली. "बघ, कशी कापतेय."

सुषमाने नजर खाली वळवली. बादलीतलं पाणी घोटाघोटाने खाली चाललं होतं. प्रत्येक घोटाबरोबर काठावर बारीक लाट यायची. तिने आपल्या मनाला विचारलं, पाण्यात काय दिसायला हवं? वरचं छत, पांढरा चुना, पंख्याचं एखादं पातं. आणि ती पुढं वाकली.

पाण्यात छत नव्हतं. तिथं काहीतरी मोठं, काळं आणि ओलसर होतं, आणि त्याच्या कडेला जाड, सरळ पापण्या होत्या. त्या एकदा मिटल्या. पुन्हा उघडल्या.

त्याच वेळी ओट्यावरच्या फोनमधून रतनबाईंचा आवाज आला, मग कशाची तरी धडपड, आणि मग आबा, एकदम शांत.

"उठली बघा. उभी हाय. चारी पायावर उभी हाय."

सुषमाने पुन्हा पाण्यात बघितलं तेव्हा तिथं छत होतं, आणि पंखा फिरत होता. बादली अर्धी झाली होती.

६

मैना उठली ती चांगलीच उठली. चार दिवसांत धारेला उभी राहिली. महेंद्र डॉक्टरांनी तिची मांडी दाबून बघितली आणि आबांना म्हणाले, "तुम्ही चोळलंत म्हणून गाय वाचली. निम्म्या लोकांना तेवढा दम निघत नाही." सुषमाला ते पूर्ण पटलं. दौंडच्या खोलीत काय होतं, यावर तिने विचार करायचं टाळलं. फोन बंद झाले होते, विषय संपला होता.

विषय संपला नव्हता. पुढच्या रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने शितल आली. बांधावरून येताना घामाघूम झाली होती.

"मला मैना दाखव," ती म्हणाली. "तिला सांगायचंय की तू बरी झालीस, आता येऊ नको."

"अजून येते?"

"रोज. फोन नसला तरी."

गोठ्यात आबा कालवडीला खाजवत होते. शितलला बघून ते उठले आणि म्हणाले, "या ताई."

दोघी बहिणी जागच्या जागी थबकल्या.

"आवाज वळखू येतो की," आबा म्हणाले. "सुषमाच्या लग्नात गाणी कुणी म्हणली व्हती? पयल्याच दिशी कळलं मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" सुषमाने विचारलं.

"काय बोलायचं? पोरी एवढ्या खटपट करत व्हत्या माझ्यापायी. मी काय मदी पाय घालू?"

सुषमाला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. साखरेची गोळी कुणीतरी खरी मानायला हवी. तिने मानली नव्हती. शितलने मानली नव्हती. आबांनीही मानली नव्हती.

"म्हणजे आबा, तुमचा विश्वास नव्हताच?"

"इश्वास कशाला लागतो त्याला? जनावर बसलं व्हतं. उठवाय पायजे व्हतं."

शितल तोवर मैनेजवळ गेली होती. मैनेने मान वर करून अनोळखी बाईकडं बघितलं आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं. शितलने उजवा हात तिच्या मानेवर ठेवला आणि मागं नेला. हात सरळ गेला. मानेवरून पाठीवर, कुठंही न अडखळता, सपाट. तिने तो पुन्हा पुढं आणला, पुन्हा नेला.

"आक्का," ती म्हणाली. "हिला वशिंड नाही."

"संकरित गाईला नसतं," सुषमा म्हणाली. आणि मग तिच्या डोळ्यांपुढं तो हात आला, हवेतल्या उंचवट्यावर चढणारा आणि पलीकडं उतरणारा.

कालवड दावणीला ओढ देत होती.

"ही नव्हेच ती," शितल म्हणाली. "मी कुणाला हात लावतेय आक्का, इतके दिवस?"

सुषमाने आबांकडं बघितलं. त्यांना दौंडचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आता शितलने सांगितलं. पाणी, वास, थरथर, सगळं. आबा कालवडीची मान खाजवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "फोनमदी ऐकलं व्हतं मी. मैना न्हाई हे तवाच कळलं. गावठी बैलाचा नायतर गाईचा दम हाय त्यो. कुठंतरी कुणाचं तरी बसलं आसंल. बघाय कुणी नसंल."

"मग माझ्याकडं कशाला?"

"तू हात धरलास म्हणून."

शितल मैनेच्या पाठीवरचा हात काढून बघत राहिली. सुषमा तिच्याजवळ गेली. "तू इथंच राहा चार दिवस. भीती वाटत असेल तर परत एकटी राहू नको त्या घरात."

"भीती वाटते की," शितल म्हणाली. "पण पहिल्यांदा आली तेव्हा तिला धड उभंही राहवत नव्हतं. आता खोलीभर वळते. काल पहिल्यांदा कापली नाही." मग तिने दाराबाहेरचं ऊन बघितलं. "दौंडला परत कुठली गाडी मिळेल? दुपारच्या आत पोचायला पाहिजे."

आबा कोयता घेऊन मागच्या वाफ्यात गेले. थोड्या वेळाने लसूणघासाचा भारा घेऊन आले, ओल्या फडक्यात बांधलेला. "नुसत्या पाण्यावर किती दिस काढंल? ह्ये ठेव म्होरं. खाल्लं तर खाल्लं."

फाट्यावर कंडक्टरने त्या भाऱ्याकडं बघितलं, शितलच्या नीट नेसलेल्या साडीकडं बघितलं आणि आत घेतलं. भारा मांडीवर घेऊन शितल खिडकीशी बसली. गाडी हलली तरी तिने मागं वळून बघितलं नाही.

दुपारी सुषमाने स्वतःच फोन लावला आणि खुंटीला टांगला. ती आणि आबा मैनेपाशी बसले. बराच वेळ पलीकडून फक्त पंखा ऐकू येत होता. शितल श्वास रोखून उभी असणार, हे सुषमाला कळत होतं, कारण तिनेही रोखला होता.

मग फडकं ओढल्याचा आवाज आला. मग हिरवा पाला कडाकडा तुटल्याचा.

"खातंय," आबा म्हणाले.

"हो," शितल पलीकडून हळूच म्हणाली. "खातंय."